लव्हिनियामावशीची पायपेटी

मॅकरेल कोव्हमधलं घर सोडायला लव्हिनियामावशी तयार झाली, ती एल्वुडच्या शब्दावर. त्याआधी पालिकेच्या माणसांनी तिच्या दारात जोडे झिजवले होते. ती त्यांना चहा पाजायची, काकवी घातलेला पाव खाऊ घालायची आणि म्हणायची, "बाबांनो, माझी आजी या खडकावर जन्मली. तुमची कुठं जन्मली होती?" यावर ते चहा संपवून निघून जायचे.

कोव्ह ही नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या बंदराच्या काठची काळ्या लोकांची जुनी वस्ती. अमेरिकेतल्या गुलामीतून पळून इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्यांना राजाच्या माणसांनी जमीन कबूल केली होती. जमिनीच्या नावानं त्यांना हा खडक मिळाला. त्यावर त्यांनी घरं बांधली, चर्च बांधलं, बांगडे धरले. शहर त्यांच्याकडून कर घ्यायचं, पण नळ द्यायचं नाही. रेल्वे आली ती वस्तीच्या मधोमध, आणि शहराचा कचरा डेपो आला तो वस्तीला खेटून. मग एकोणीसशे एकोणसत्तरच्या सुमारास शहराला साक्षात्कार झाला की, इतक्या घाणीत माणसांनी राहणं बरं नव्हे.

एल्वुड टाइन्स हा मावशीच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर मावशीनंच त्याला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पालिकेत ड्रायव्हर म्हणून लागलेला कोव्हमधला तो पहिलाच. पण गाडी मिळाली ती कचऱ्याची. शहराची घाण भरून तो रोज आपल्याच वस्तीशेजारी आणून ओतायचा. दारात बसलेले म्हातारे ओरडायचे, "एल्वुड, आज आमच्यासाठी काय आणलंस रे?" तोही हसून हॉर्न वाजवायचा. पगार वेळेवर मिळत होता. बायको व्हर्ना आणि दोन मुलींना घेऊन तो शहरात दोन खोल्यांत राहत होता. नोकरी मात्र अजून कच्ची होती.

एक दिवस वस्ती हलवण्याचं काम पाहणाऱ्या हॅलोरनसाहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं. बसायला खुर्ची दिली. पालिकेच्या कचेरीत एल्वुड पहिल्यांदाच खुर्चीवर बसला.

"तुमची मावशी तुमचं ऐकते म्हणे."

"ती कुणाचंच ऐकत नाही, साहेब."

"ती हलली की पूर्ण गल्ली हलेल. तिला नळ मिळेल, गरम पाणी मिळेल, आणि तुम्हालाही या वर्षी कायम व्हायचंय ना?" हे सगळं साहेब एका दमात म्हणाले, जणू एकच गोष्ट होती.

"आणि आमचं चर्च?"

"चर्चचं अजून काही ठरलेलं नाही."

त्या संध्याकाळी एल्वुड मावशीकडे जेवायला गेला. तिनं दुधातलं माशाचं कालवण केलं होतं. खिडकीखाली तिची पायपेटी होती. मावशीचा नवरा कॉर्नेलियस रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत हमाल होता. प्रवाशांचे बूट पुसून साठवलेल्या पैशांतून त्यानं ही पेटी माँट्रियलला घेतली आणि गार्डाच्या हातापाया पडून मालडब्यातून घरी आणली. डावीकडच्या शेवटच्या पट्टीचं हस्तिदंत निघालं होतं. त्या जागी त्यानं हाडाचा तुकडा घासून बसवला होता. तो पिवळा पडला होता. दर गुरुवारी चर्चची क्वायर, म्हणजे गाणारी मंडळी, मावशीच्या घरी सरावाला जमायची आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवून अर्धी वस्ती ऐकायची.

"मावशी," एल्वुड म्हणाला, "चर्चला हात लावणार नाहीत. दर रविवारी मी तुला घेऊन येईन."

"असं साहेब म्हणाला?"

"हो."

"तू तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"हो, मावशी."

ती काही वेळ त्याच्या ताटाकडे पाहत राहिली. मग अजून एक पळी कालवण वाढत म्हणाली, "मग ठीक. तू म्हणतोस तर जाऊ."

कालवण घशाखाली उतरेना. तरी त्यानं सगळं संपवलं.

सामान हलवायला पालिका मोठी बंद गाडी देईल, असं त्याला वाटलं होतं. मुकादम म्हणाला, "तुझ्याकडे गाडी आहे ना? धू तिला." आदल्या दिवशी त्यानं कचऱ्याचा ट्रक सोडा टाकून धुतला, ब्रशनं घासला, पुन्हा धुतला. वास गेला नाही. वर्षानुवर्षांचा वास होता तो, लोखंडातच मुरलेला.

सकाळी मावशी रविवारची जांभळी टोपी घालून बाहेर आली. हातात पर्स होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी कुठाय रे?"

"हीच, मावशी."

शेजारीपाजारी दारांत उभे होते. कुणी थट्टा केली नाही. मावशीनं ट्रककडे एकदा नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "पुढं बसायला जागा आहे ना? की मलाही मागंच टाकतोस?"

त्यानं तिला हात देऊन वर चढवलं.

नव्या सरकारी वसाहतीत मावशीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ट्रक थांबला तशी खिडक्याखिडक्यांतून तोंडं बाहेर आली. एका पोरानं नाक दाबलं. पलंग गेला, कपाट गेलं, चूल गेली. पायपेटी मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. दोघा गड्यांनी ती आडवी केली, उभी केली, कठड्याचं लाकूडही सोलवटलं. शेवटी घाम पुसत एक जण म्हणाला, "नाही जायची, बाई."

मावशी वरच्या पायरीवर उभी होती. "एल्वुड," ती म्हणाली, "हिला एखादं वाजतं घर बघ. नुसती कोपऱ्यात ठेवणाऱ्याला देऊ नकोस."

"बघतो, मावशी."

पेटी पुन्हा ट्रकवर चढवून तो आधी स्वतःच्या घरी गेला. व्हर्ना दारातच म्हणाली, "कुठं ठेवू? पोरींच्या डोक्यावर?" तिचंही खरं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. मग तो पालिकेच्या आवारात गेला आणि रात्रभर पेटी शेडमध्ये ठेवू द्या म्हणाला. मुकादमानं घड्याळाकडे पाहिलं. "ही पालिकेची गाडी आहे, तुझं गोदाम नव्हे. रिकामी कर आणि चावी आणून दे."

तो हट्ट धरू शकला असता. एखाद्या ओळखीच्याचं दार ठोठावू शकला असता. पुढं कित्येक वर्षं तो अशा दारांची नावं मनात आठवत राहिला, आणि दर वेळी एखादं नवीनच सुचायचं. पण त्या दिवशी तो दमला होता, त्याला लाज वाटत होती आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्याचे हात सवयीच्या वाटेनं वळले. डेपोवर येऊन त्यानं ट्रकचा मागचा भाग उचलला.

पेटी सरकत गेली आणि पडली. पडताना भात्यातली उरलेली हवा बाहेर आली आणि सगळे सूर एकदम, जाड आवाजात, कण्हल्यासारखे वाजले. समुद्रपक्षी उडाले. एल्वुडनं काच वर केली.

पुढच्या रविवारी तो मासे घेऊन मावशीकडे गेला. कोट काढायच्या आतच तिनं विचारलं, "मिळाली का तिला जागा?"

"मिळाली."

"कुठं?"

"बार्कर्स हिलच्या चर्चमध्ये." तासाभराच्या अंतरावर आपल्याच लोकांचं ते गाव होतं. जिभेवर का आलं, देव जाणे.

मावशीनं दोन्ही हात जोडून छातीशी धरले. "चर्चमध्ये! वाजवतं कोण?"

"एक मुलगी आहे. ओपल नावाची."

त्या वेळी हे एवढ्यावरच थांबेल असं त्याला वाटलं. पण त्याच वर्षी पानगळीत, एके दिवशी उजाडायच्या आत, पालिकेच्या यंत्रांनी कोव्हचं चर्च पाडलं. लोक उठून येईपर्यंत फळ्यांचा ढीग झाला होता. एल्वुड धावत मावशीकडे गेला. ती खुर्चीत बसली होती. तिला आधीच कळलं होतं.

"साहेब म्हणाला होता ना?" तिनं विचारलं.

"म्हणाला होता, मावशी."

"हं." तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "पेटी तरी वाचली. ओपल कशी आहे?"

आता खरं कसं सांगायचं? तिच्याजवळ उरलेली तेवढी एकच चांगली बातमी होती. म्हणून त्यानं सांगितलं की ओपल बरी आहे, पण तिचा डावा पाय भात्यावर कमी पडतो. पुढच्या रविवारी सांगितलं की, ती नवीन गीत शिकली. मावशी सूचना द्यायची. उंदीर भात्याचं कापड खातात म्हणून तिनं डांबराच्या गोळ्यांची पुडी दिली. हिवाळ्यात पेटीसमोरच्या बाकावर ठेवायला लोकरीची लाल उशी विणून दिली. गोळ्या एल्वुडनं कपाटात टाकल्या. उशी व्हर्नाच्या हाती लागली.

"हे किती दिवस चालायचं?" ती म्हणाली. "सांगून टाक."

"तिच्याकडे आता काय उरलंय, व्हर्ना? तेवढं राहू दे तिच्यासाठी."

"तिच्यासाठी, की तुझ्यासाठी?"

एल्वुडनं उशी तिच्या हातून घेतली आणि कपाटात गोळ्यांशेजारी ठेवली. त्या वर्षी तो कायम झाला होता.

असे दोन हिवाळे गेले. ईस्टर जवळ आला आणि मावशी म्हणाली, "यंदा मला बार्कर्स हिलला ने. ओपलच्या हातून एकदा ऐकू दे. आता माझा काय भरवसा?" त्यानं रस्ता खराब असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "कचऱ्याच्या ट्रकमधून गेलेली बाई आहे मी. रस्त्याचं काय सांगतोस?"

ईस्टरच्या आदल्या दिवशी तो एकटाच बार्कर्स हिलला गेला. तिथले पाळक, रेव्हरंड ऑस्बर्न, चर्चच्या पायऱ्या झाडत होते. एल्वुडनं त्यांना सगळं सांगितलं. पाळकांनी झाडू भिंतीला टेकवला.

"पेटी आमच्याकडे आहे. पण ती तुमच्या मावशीची नव्हे."

"तिला नुसतं समोर बसू द्या, रेव्हरंड. तिची नजर आता अधू झालीय."

"देवाच्या घरात मी खोटं बोलणार नाही," पाळक म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण म्हातारीला आणू नका, असंही नाही म्हणायचो."

ईस्टरला मेहुण्याची गाडी मागून घेऊन तो मावशीला घेऊन गेला. वाटभर ती गुणगुणत होती. चर्चमध्ये पेटीजवळ तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पानं चाळत होती. मावशी थेट तिच्याकडे गेली आणि तिचे हात हातात घेतले.

"तू ओपल ना?"

मुलगी गोंधळली. "नाही आजी, मी मर्टल. इथं ओपल कुणी नाही."

एल्वुड दोन पावलांवर उभा होता. मावशीनं बाकाकडे पाहिलं; त्यावर उशी नव्हती. मग तिनं बोट डावीकडच्या पट्ट्यांवरून अगदी टोकापर्यंत फिरवलं. सगळ्या पट्ट्या गुळगुळीत आणि सारख्या होत्या. तिचं बोट शेवटच्या पट्टीवर थांबलं.

"म्हातारपण, बाळा," ती मुलीला म्हणाली. "नावं चुकतात माझी. छान ठेवलीयस हो पेटी. जरा वाजवू का?"

ती बसली आणि वाजवू लागली. बोटं आखडली होती, तरी सूर चुकले नाहीत. लोक आत येता येता थबकले, कुणी उभ्यानंच गायला लागलं. एल्वुड खाली मान घालून मागच्या बाकावर बसला. तिनं चारचौघांत त्याची लाज झाकली, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तिनं तिथंच मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

परतताना ती गुणगुणली नाही. जंगल संपून समुद्र दिसायला लागला तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं, "पडताना मोडली, की अख्खीच पडली?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"अख्खी पडली, मावशी. मग दुसरी गाडी येऊन तिच्यावर रिकामी झाली."

आणि मग त्याला थांबताच येईना. साहेबानं चर्चबद्दल खरं तर काय सांगितलं होतं, तेही तो बोलून गेला. 

"गाडी थांबव."

त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. मावशी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"राजाच्या माणसांनी माझ्या खापरपणजीला जमीन देतो म्हणून सांगितलं. पालिकेनं माझ्या आईला नळ देतो म्हणून सांगितलं. त्यांचा राग नाही मला. ते माझे कोण? तू माझ्या हातचं खाल्लंयस, एल्वुड. तू बोललास म्हणून मी उठले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला तिथून आडवंच न्यावं लागलं असतं."

"मावशी, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते आता मला नको."

ती दार उघडून खाली उतरली. ती चालत निघते की काय, म्हणून तो घाबरला. पण तिनं मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली, भाड्याच्या गाडीत बसतात तशी. "चल," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं त्याला दार उघडलं नाही. दर रविवारी तो ठोठावायचा, वाट पाहायचा आणि मासे दाराच्या मुठीला टांगून परत फिरायचा. पुढच्या रविवारी मूठ रिकामी असे, म्हणून ती मासे तरी घेते, एवढं समाधान त्याला वाटायचं. ते समाधानही टिकलं नाही. वसाहतीच्या तळमजल्यावर लेबनॉनहून आलेल्या खूरीबाईंचं वाणसामानाचं दुकान होतं. एकदा त्यांनी त्याला हाक मारली.

"एल्वुड, पुढच्या वेळी जरा छोटे आण. माझी कढई लहान आहे."

"म्हणजे?"

"मासे तुझी मावशी खाली आणून मला देते. म्हणते, देवाचा मासा फुकट घालवू नये, पण माझ्या घशाखाली उतरत नाही. मी लिंबू आणि तीळ लावून करते. माझा नवरा तर तुला दुवा देतो."

एल्वुडनं हातातल्या माशांकडे पाहिलं. खूरीबाईंना त्याची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "ती रोज दुपारी इथं बसते माझ्याजवळ. तिचं गाव गेलं, माझंही गेलं. परवा रेडिओवर कुणी मोठा माणूस सांगत होता, हा देश म्हणे आपण सगळ्यांनी मिळून घडवलाय, सगळ्यांचे रीतिरिवाज जपायचेत. मी मावशीला म्हटलं, ऐकलंत का? तर म्हणाली, ऐकलं. आमचं चर्च पाडून झाल्यावर यांना जपायचं सुचलं." खूरीबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्याबद्दल कधी वाईट बोलली नाही हो. तुझा विषयच काढत नाही."

एल्वुड मासे काउंटरवर ठेवून निघाला. ती वाईट बोलली असती तर त्याला घरी जाऊन जेवता आलं असतं.

पहिल्या थंडीत रेव्हरंड ऑस्बर्न मावशीकडे आले. मर्टलच्या वडिलांना दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, सगळं बिऱ्हाड जाणार होतं, पेटीवर बसायला गावात कुणी नव्हतं. याल का, असं त्यांनी विचारलं. मावशीनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी खूरीबाईंकरवी एल्वुडला निरोप आला, 'रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. आणि मासे आणू नकोस.'

आता त्याच्याकडे स्वतःची जुनी गाडी होती. मावशी खाली आली, त्याच्याकडे न पाहता मागं बसली. गेली, वाजवली, आली. उतरताना म्हणाली, "पुढच्या रविवारीही." पुढचे काही रविवार असेच गेले. आरशात त्याला तिची जांभळी टोपी दिसायची, चेहरा दिसायचा नाही. माफी मागायचं त्याच्या मनात यायचं, पण आता तिला त्याचा काय उपयोग, असं वाटून तो गिअर बदलायचा.

बर्फ पडायला लागल्यावर एकदा ती पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मागं पाय गारठतात," ती म्हणाली. "दुसरं काही मनात आणू नकोस."

"नाही, मावशी."

तिथल्या चार पोरींना तिनं पेटी शिकवली. एक जरा बरी निघाली, बाकीच्यांना ती सारखी रागवायची. वाटेत ती त्या पोरींबद्दल बोलायची, खूरीबाईंच्या सुनेबद्दल बोलायची, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलायची. कोव्हबद्दल, पेटीबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिनं विषय काढल्याशिवाय आपण काढावा, एवढं धाडस एल्वुडला झालं नाही. कधी कधी वाटायचं, तिनं माफ केलं. कधी वाटायचं, तिला निव्वळ गाडी हवी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

एका रविवारी पाळक प्रवचन संपवून म्हणाले, "आपल्यात एक बंधू आहेत. पाऊस असो, बर्फ असो, आपल्या म्हाताऱ्या मावशीला ते इतक्या लांबून घेऊन येतात. असा मुलगा प्रत्येक आईला मिळो. बंधू एल्वुड, उभे राहा." पाळकांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी हे मनापासून म्हटलं असावं. लोक वळून पाहू लागले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी "आमेन" म्हटलं, शेजारच्या बाईनं त्याचा दंड थोपटला.

एल्वुड उभा राहिला. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. त्यानं पेटीकडे पाहिलं. मावशी बाकावरून अर्धी वळून चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग होता की नव्हता, त्याला समजेना. टाळ्या थांबायच्या आतच तिनं पाय भात्यावर दाबला आणि पुढच्या गीताचा सूर धरला.

सगळे गायला उभे राहिले. एल्वुड तर आधीच उभा होता. त्यानं पुस्तक उघडलं, ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही.